खानेसुमारीतला मुलूख

बेळगावाहून वेंगुर्ल्याकडे जाणारी सडक हिंडलगा आणि सुळगे ही गावे मागे टाकून उचगावच्या फाट्याशी येते, तेथून बाची ओलांडते आणि मग शिनोळीपाशी, नदी, डोंगर वा खिंड यांपैकी कशाचाही अडसर मध्ये न येता, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात प्रवेश करते. अलीकडची तांबडी माती आणि पलीकडची तांबडी माती यांत शेतकऱ्याच्या बोटांना भेद कळत नाही; दोन्हीकडे आषाढात भाताची लावणी आणि रताळ्याच्या वेलांची लागण चालते, आणि दोन्हीकडच्या बायका बांधावर बसून ज्या भाषेत सुनेला बोलतात ती भाषाही एकच. बदलते ती एवढीच गोष्ट, की दुकानांवरच्या पाट्यांची आणि तलाठ्याच्या दप्तराची लिपी पालटते. फाट्यावरून आत वळले की मळेकरणी देवीची राई लागते; मंगळवारी आणि शुक्रवारी येथे जी माणसे नवस फेडायला येतात त्यांत चंदगडकडचे असतात, बेळगाव शहरातले असतात आणि पूर्वेकडच्या कानडी खेड्यांतलेही असतात. देवीचे गाऱ्हाणे कोणत्या भाषेत घालावे याविषयी कोणी निर्बंध घातल्याचे ऐकिवात नाही.

जगाच्या पाठीवर असे पुष्कळ प्रदेश आहेत, की जेथे एका भाषेची माणसे दुसऱ्या भाषेच्या राज्यात राहून गेली आणि त्यांच्यासाठी राज्यकर्त्यांना काही वेगळी व्यवस्था लावावी लागली. फिनलंडच्या सत्तेखालील आलांड बेटांवरच्या स्वीडिश भाषिकांना राष्ट्रसंघाच्या निवाड्याने १९२१ साली स्वायत्ततेची हमी मिळाली. इटलीतल्या दक्षिण तिरोलच्या जर्मन भाषिकांचा प्रश्न १९४६च्या कराराने मार्गी लागला असे वाटले, पण तो खरोखर मिटायला १९७२चा दुसरा स्वायत्तता-कायदा यावा लागला. आपल्याकडेही संविधानाच्या सहाव्या अनुसूचीने ईशान्येकडील डोंगरी जमातींना स्वायत्त जिल्हे दिले आणि दार्जिलिंगच्या गोरख्यांना १९८८ साली पर्वतीय परिषद लाभली. बेळगाव, खानापूर, निपाणी या टापूतील मराठी माणसाच्या वाट्याला असे काही आले नाही. याला स्वायत्त प्रदेश म्हणता येत नाही आणि सामान्य प्रदेशही म्हणवत नाही. लोकांनी त्याला ‘सीमाभाग’ म्हटले, म्हणजे त्याचे नावच एका रेषेवरून पडले. ती रेषा कोठून आली हे पाहू लागले, की माणूस राजवाड्यांत आणि रणांगणांत शोध घेऊ लागतो. माझी समजूत मात्र अशी झाली आहे, की तिचा उगम खानेसुमारीच्या एका रकान्यात आहे.

त्या रकान्यापूर्वीचा काळ पाहावा तर बेळगावचे जुने नाव वेणुग्राम, आणि त्याच्या आसपासच्या सत्तर गावांचा तो विभाग गोव्याच्या कदंबांकडून सौंदत्तीच्या रट्टांकडे आला. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली किल्ल्यात जे जिनालय उभारले, त्याला आज कमल बस्ती म्हणतात. छताच्या मध्यभागी उमललेले पाषाणाचे कमळ पाहून परतलेला माणूस ते विसरत नाही. त्या वेळचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांची भाषा कानडी आहे, हे मराठीच्या अभिमान्याने निःसंकोच मान्य करावे. आणि त्यांत दान देणाऱ्या व्यापाऱ्यांमध्ये लाट म्हणजे गुजरात, आणि मलयाळ म्हणजे केरळ, अशा दूरदेशचे लोक गणले आहेत, हे कानडीच्या अभिमान्यानेही वाचावे. पुढे देवगिरीचे यादव आले, विजयनगरचे राज्य आले, १४७२ साली महमूद गावानाने किल्ला बहमनी सत्तेसाठी सर केला, आदिलशाहीत असदखान लारीने येथे दीर्घकाळ कारभार केला, औरंगजेबाच्या फौजांनी शहराला आझमनगर हे नाव दिले, आणि अखेर सावनूरकर, करवीरकर व पेशवे यांच्या ओढाताणीतून हा मुलूख एप्रिल १८१८मध्ये जनरल मन्रोच्या हाती पडला. या सहाशे वर्षांत अनेक राजांनी येथील शेतांची मोजणी केली, घरपट्टी बसवली, हुजूर दप्तरात गावांची आकारणी चढवली. पण रयतेपैकी कानडी किती आणि मराठी किती, हे विचारण्याची गरज एकाही कारभाऱ्याला वाटली नाही.

तसे विचारायचे म्हटले असते तर उत्तर देणेही सोपे नव्हते. पेशवाईत या प्रांताचे दप्तर मोडी लिपीत आणि मराठीत चालले, मग गावचा पाटील कानडी असो वा मराठी. आणि जो मनुष्य मराठी गावात कुलकर्णी, तोच पूर्वेकडे सरकले की शानभोग होई. देसाई, देशपांडे, नाडगौडा ही वतने भाषेच्या सीमेवरून आरपार गेलेली होती. निपाणीच्या सिद्धोजीराव नाईक निंबाळकरांची जहागीर मराठी सरदाराची, पण तिच्या पोटात कानडी गावे होती. सांगलीकर पटवर्धनांचे शहापूर तर बेळगावच्या वेशीला खेटून होते. आज जे एकच शहर दिसते, त्याच्या पोटातून १९४८पर्यंत दोन राज्यांची हद्द जात होती, आणि ती हद्द ओलांडून लोक रोज भाजीला जात. हद्दीशी भाषेचा संबंध जोडण्याची कल्पना तेव्हा कोणाच्या डोक्यात शिरली नव्हती. खुद्द मराठी भाषेने अक्का, अण्णा, अडकित्ता हे शब्द कानडीकडून कधी उचलले याचा पत्ता तिला नाही, आणि कानडीच्या कारभारात तालुका, दप्तर हे फारसी शब्द मराठेशाहीच्या पालखीतून कधी उतरले हेही कोणी टिपून ठेवले नाही.

इंग्रज मात्र टिपणारा. त्याने या मुलखाला एकाच वेळी दोन नावे दिली, आणि मला ही गोष्ट या साऱ्या इतिहासातील अत्यंत बोलकी वाटते. महसूल खात्याच्या आणि लष्कराच्या कागदांत हा ‘दक्षिण मराठा मुलूख’. इनामांची चौकशी १८४३पासून सुरू झाली ती याच नावाच्या प्रदेशात, आणि १८८२ साली स्थापन झालेल्या रेल्वे कंपनीनेही आपल्या नावात मराठा हाच शब्द घातला. उलट याच प्रदेशातील शिलालेख वाचत हिंडणारा विद्वान अधिकारी जॉन फ्लीट याने आपल्या ग्रंथात याला मुंबई इलाख्यातील ‘कानडी जिल्हे’ म्हटले. दोघेही खोटे बोलत नव्हते. एकाने नुकते मोडलेले राज्य पाहिले, दुसऱ्याने दगडावरची अक्षरे पाहिली. शाळाखात्याने प्रथम पहिल्याचे ऐकले आणि पोरांना मराठी शिकवली. मग वॉल्टर एलियट आणि पुढे डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्या माणसांनी, ज्या मुलांच्या घरी कानडी बोलतात त्यांना परक्या भाषेत का शिकवता असा रास्त प्रश्न केला, आणि धारवाड-बेळगावकडे कानडी शाळा निघाल्या. न्याय त्यांच्या बाजूला होता. पुढे शंभर वर्षांनी तोच न्याय उचगाव आणि येळ्ळूरच्या मुलांना लागू पडतो की नाही, एवढाच काय तो वाद उरला.

१८३६ साली धारवाडपासून वेगळा काढलेला बेळगाव जिल्हा १८८१च्या खानेसुमारीत भाषावार मोजला गेला. १८७६ ते ७८च्या भीषण दुष्काळाने खंगलेल्या त्या जिल्ह्यात ८,६४,०१४ माणसे उरली होती. त्यांपैकी ५,५६,३९७ जणांची भाषा कानडी आणि २,२५,००८ जणांची मराठी नोंदली गेली, म्हणजे शंभरात चौसष्ट आणि सव्वीस. हे आकडे १८८४च्या गॅझेटिअरच्या काळातले, आणि त्यांविषयी कोणाला राग वा हर्ष झाल्याचे दिसत नाही, कारण त्यांतून कोणाचे काही जाणार वा येणार नव्हते. परंतु जिल्हा हा एक मोठा डबा आहे; अथणी, गोकाक, सौंदत्ती यांची भर त्यात घातली की कानडीचे पारडे खाली जाते, आणि पश्चिमेचा पट्टा, म्हणजे चंदगड, खानापूर, बेळगाव तालुका आणि निपाणीची बाजू, वेगळा काढला की मराठीचे. कोणता आकडा खरा हे डब्याच्या आकारावर ठरते. १९५१ साली बेळगाव शहरात सुमारे साठ टक्के लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली, आणि जिल्हा घेतला तर कानडीचे बहुमत तसेच राहिले. यानंतर दोन्ही बाजूंचे वकील जे भांडले ते मुख्यतः मोजायचे माप कोणते धरावे याविषयी.

ही रेषा सरकारच्या आधी काँग्रेसने आखली, हे आता कोणी सहसा आठवत नाही. १९२०च्या नागपूर अधिवेशनाने भाषावार प्रांतिक समित्या केल्या तेव्हा बेळगाव जिल्हा कर्नाटकाच्या समितीत गेला. म्हणून १९२४चे अधिवेशन, गांधीजी ज्याचे एकदाच अध्यक्ष झाले ते, बेळगावात भरले ते कर्नाटकाच्या यजमानपदाखाली. त्याचे सूत्रधार गंगाधरराव देशपांडे यांना लोक कर्नाटक-केसरी म्हणत, आणि या कर्नाटक-केसरीने आपले आत्मचरित्र लिहिले ते मराठीत! त्याआधी आठ वर्षे, एप्रिल १९१६मध्ये, टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली तीही याच शहरात, आणि त्या वेळी हे शहर कोणाचे, हा प्रश्न सभामंडपात निघाला नाही. बाबूराव ठाकूर यांनी १९१९ साली येथे ‘तरुण भारत’ काढला. काकासाहेब कालेलकरांनी येथे अध्यापन केले. पुढे धारवाडच्या दत्तात्रय रामचंद्र बेंद्रे यांच्यासारखा घरी मराठी बोलणारा माणूस कानडीचा महाकवी झाला. ही उदाहरणे मी सौहार्दाच्या प्रदर्शनासाठी देत नाही. ज्या पिढीला दोन भाषा सहज येत होत्या, त्याच पिढीच्या डोळ्यांदेखत ‘दोनांपैकी एक निवडा’ असा फतवा निघाला, ही त्या पिढीची अडचण सांगायची आहे.

१९४६च्या मे महिन्यात बेळगावच्याच मराठी साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव संमत झाला आणि साहित्याच्या व्यासपीठावरून एक राज्य मागितले गेले. मात्र १९५५च्या सप्टेंबरात राज्य पुनर्रचना आयोगाने, ज्याचे सभासद फजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर होते, आपला निर्णय दिला, तो चंदगड वगळता सारा जिल्हा कर्नाटकात जाण्याचा. चंदगडात मराठीचे प्राबल्य नव्वद टक्क्यांहून अधिक असल्याने तेथे दुमत नव्हते. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील मराठी बहुमत आयोगाला अल्प वाटले, आणि शहराचे व्यापारी व प्रशासकीय धागे पूर्वेकडच्या जिल्ह्याशी निगडित आहेत, हे कारण त्याने पुढे केले. १६ जानेवारी १९५६ला राज्य पुनर्रचनेविषयी नेहरूंची घोषणा झाली आणि १७ तारखेला बेळगाव-निपाणीत गोळ्या चालल्या. या भागात तो दिवस आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतात. १ नोव्हेंबरला, जो कर्नाटकात उत्सवाचा दिवस, येथील मराठी वस्त्यांत दुकाने बंद राहतात आणि काळी निशाणे निघतात. एकाच तारखेचे हे दोन अर्थ एकाच बाजारपेठेत शेजारी शेजारी नांदतात.

त्यानंतरच्या वादाचा तपशील सांगण्यात मला फारसे स्वारस्य नाही, पण त्यातले आकडे मात्र सोडवत नाहीत. मुंबई सरकारने जून १९५७मध्ये केंद्राकडे जे निवेदन दिले त्यात ८१४ गावांवर दावा होता. महाराष्ट्राचा पुढचा दावा ८६५ गावांचा. दोन्ही सरकारांची चार माणसांची समिती १९६०मध्ये बसली आणि उठली. सेनापती बापट उपोषणास बसले तेव्हा, ऑक्टोबर १९६६मध्ये, माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्याने १९६७च्या ऑगस्टमध्ये निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत यांकडील २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत, बेळगाव मात्र होते तेथेच ठेवावे, असे सुचवले. महाराष्ट्राने हा निवाडा नाकारला, आणि तो स्वीकारला जावा असा आग्रह कर्नाटकाने धरला. मुद्दा गावाचा होता. आंध्र-मद्रास सीमेसाठी पाटसकरांनी गाव हाच घटक मानून, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत पाहून रेषा काढली होती. तीच रीत येथे का नको, असा महाराष्ट्राचा युक्तिवाद, आणि महाजनांनी तो मानला नाही. २००४पासून हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. मधल्या काळात बेळगावचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ला बेळगावी झाले आणि २०१२ साली शहराच्या कडेला सुवर्ण विधानसौध उभे राहिले, ज्यात वर्षातून काही दिवस कर्नाटकाचे विधिमंडळ येऊन बसते.

२०११च्या खानेसुमारीत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ झाली आणि तिच्यात मराठी मातृभाषिकांचे प्रमाण एक पंचमांशाच्या किंचित आत आले. १८८१च्या सव्वीसांशी याची तुलना करून काहींनी मराठी आटत असल्याचा शंखध्वनी केला आहे. घाई नको. मधल्या काळात चंदगड जिल्ह्यातून गेले, हे या वजाबाकीत धरावे लागते. उचगाव, बेकिनकेरे, कुद्रेमनीकडच्या गल्ल्यांतून फिरले तर मराठी आटल्याचे चिन्ह दिसत नाही. पण प्रमाणाला एक वेगळे वजन आहे, ते कायद्याचे. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमे घातली, भाषिक अल्पसंख्यांसाठी आयुक्त नेमला, आणि त्याच वर्षीच्या केंद्राच्या निवेदनाने असे ठरवले, की ज्या क्षेत्रात अल्पसंख्यांची वस्ती १५ ते २० टक्के असेल तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात. प्राथमिक शाळेत तर वर्गात दहा अथवा शाळेत चाळीस मुले असली तरी मातृभाषेचा शिक्षक द्यावा. म्हणजे येथील मराठी माणसाची सारी स्वायत्तता कागदावर या दोन-तीन आकड्यांत मावते. मराठीतून परिपत्रके मिळावीत म्हणून वर्षानुवर्षे मोर्चे निघतात, ते याच आकड्यांच्या आधाराने. आणि शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, ही तक्रारही त्याच आधाराने दाखल होते.

जे सरकारकडून मिळाले नाही ते लोकांनी आपापल्या गावी करून ठेवले, आणि येथे माझ्या लेखणीला थांबावेसे वाटते. उचगाव, कडोली, येळ्ळूर, कुद्रेमनी, सांबरा अशा खेड्यांत मराठी साहित्य संमेलने भरतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ही गोष्ट नवलाची वाटेल, की ज्या गावात पुस्तकाचे दुकान नाही त्या गावात हिवाळी पिकाच्या दिवसांत मांडव घालून, ग्रंथदिंडी काढून, महाराष्ट्रातून एखादा लेखक अध्यक्ष म्हणून बोलावून, दिवसभर कविसंमेलन आणि कथाकथन चालते, आणि मांडवात बसलेले श्रोते रताळी काढून, जनावरांचे वैरणपाणी आटोपून आलेले असतात. भोजनाची पंगत गावानेच उचललेली असते. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४८ची. शहराच्या त्या परंपरेने खेड्यांना हा मार्ग दाखवला असावा, असा माझा तर्क. पलीकडे चंदगड तालुक्यातल्या कोवाडला रणजित देसाई जन्मले. त्यांच्या कादंबऱ्यांनी पेशवाई आणि शिवशाही ज्या वाचकाच्या घरात पोहोचवली, त्याला सीमारेषेच्या कोणत्या बाजूला आपले बाड ठेवावे हा प्रश्न पडला नाही.

या भागातल्या मराठीला महाराष्ट्रातील माणूस हसतो, हे येथील माणसाला ठाऊक आहे. ‘काय करालाईस’ असे कोणी विचारले की पुण्याचा पाहुणा गालात हसतो. पु. ल. देशपांड्यांनी बेळगावच्या महाविद्यालयात शिकवले आणि ‘रावसाहेब’ या व्यक्तिचित्रात ही बोली साऱ्या महाराष्ट्राला ऐकवली, तेव्हापासून तर ती विनोदाची मिरासदार झाली. मला ती विनोदी वाटत नाही. तिच्या क्रियापदांत कानडीचा हेल आहे, तिच्या शिव्यांत दोन्ही भाषांचा उदार वाटा आहे, आणि बाजाराच्या दिवशी ती दर चार शब्दांमागे शेजारणीचा एक शब्द उसना घेते. मातृभाषेच्या रकान्यात या बोलीला ‘मराठी’ हा एकच शब्द मिळतो.

पण खानेसुमारीच्या फर्दीत आणखी एक रकाना असतो, ज्याकडे फजल अलींनी पाहिले नाही आणि महाजनांनीही नाही: मातृभाषेखेरीज दुसरी कोणती भाषा येते? वाडवडिलांपासून आमच्या घरी एक आठवण सांगतात. गणनेचे काम घेऊन आलेला मास्तर सोप्यावर बसला, त्याने मातृभाषा विचारली, आजोबांनी मराठी सांगितली, आणि ती लिहिताना त्याच्या मागे उभ्या राहिलेल्या गावच्या पोरांनी त्याच्या हातावर नजर ठेवली, न जाणो तो भलतेच लिहील. ते लिहून झाल्यावर पोरे पांगली. दुसरी भाषा कोणती, असे मास्तराने विचारले तेव्हा ऐकायला कोणी उरले नव्हते. आजोबांनी कानडी सांगितली, मग जरा आठवून हिंदी सांगितली, आणि तीर्थयात्रेला पंढरपूरला जाताना वाटेत गदगच्या एका कुटुंबाशी कसे सूत जमले होते, ती हकीकत कानडीतूनच सुरू केली. मास्तर बैलहोंगलकडचा होता. त्याने लेखणी टोपणात घातली, चहा मागवला आणि ऐकत बसला.